तुम्हाला योग्य वाटेल ते

आमच्या घरात पगार हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारल्याचं मला आठवत नाही. बाबांना दर महिन्याला काहीतरी मिळत असणार हे उघड होतं, कारण आम्ही दोन वेळा व्यवस्थित जेवत होतो, शाळेची फी जात होती आणि चिपळूणला आजोबांच्या औषधांचे पैसेही वेळेवर पोचत होते. पण किती मिळतं हे मला माहीत नव्हतं, धाकट्या ओंकारला माहीत नव्हतं आणि गंमत म्हणजे आईलाही नेमकं ठाऊक नव्हतं. ती लागतील तेवढे मागायची, बाबा द्यायचे, आणि कधी ओढाताण झालीच तर "या महिन्यात जरा हात आखडता ठेव" एवढंच म्हणायचे. सुट्टीत गावी गेलो की कुणी ना कुणी काका विचारायचेच, "काय रे मोहन, काय देतात तिकडे?" बाबा म्हणायचे, "चाललंय. पोटापुरतं." काका समाधानाने मान हलवायचे. लहानपणी बरीच वर्षं मला वाटायचं की पोटापुरतं हा एक ठरलेला आकडा असावा आणि तो मोठ्या माणसांना माहीत असावा.

आम्ही अल खफजीला राहायचो. सौदीच्या अगदी वरच्या टोकाला, कुवेतच्या सीमेला टेकलेलं गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सपाट पिवळी जमीन, मधून कुवेतकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. समुद्रात तेलाच्या विहिरी, त्यामुळे किनाऱ्यावर लोखंडी सांगाडे बांधणारी यार्डं, आणि त्यातल्याच एका यार्डात बाबा रिगिंग फोरमन होते. क्रेनला माल बांधून द्यायचा आणि खाली उभं राहून हाताच्या खुणांनी तो उचलवायचा, हे त्यांचं काम. बोट वर करून फिरवलं की उचल, मूठ मिटली की थांब. क्रेनमध्ये बसलेल्या माणसाला बाबांचं एक वाक्यही कळलं नाही तरी चालायचं, आणि वीस टनांचा पाइप अलगद जागेवर बसायचा. घरी मात्र या माणसाला मीठ कमी आहे हे सांगायला दोन घास जावे लागत.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. त्यात बारा महिने एसी घरघरायचा, आणि तो बंद पडला की आम्ही सगळे एकदम दचकून वर बघायचो. तीन मशिदींची अजान एकापाठोपाठ एक यायची, त्यातली मधल्या मशिदीची आम्हाला आपली वाटायची, कारण ती झाली की आई कुकर लावायची. शुक्रवारी सकाळी बाबा मासळीबाजारातून जुबैदी आणायचे. जुबैदी म्हणजे आपलं पापलेट. आई ते हातात घेऊन दर शुक्रवारी म्हणायची, "गुहागरच्या पापलेटाची सर नाही याला," आणि मग दर शुक्रवारी सर्वात मोठा तुकडा स्वतःच्या पानात घ्यायची. तांदळाचं पीठ, कोकम आणि मिरगुंडं गावाहून यायची. धुळीचं वादळ उठलं की खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून आम्ही चौघं मधल्या खोलीत बसायचो, आणि मला ते फार आवडायचं. अजूनही मला घर म्हटलं की चिपळूणचं आठवत नाही, ती फडकी कोंबलेली खोली आठवते.

मी बारावीत असतानाच कुटुंबं परतायला लागली होती. परदेशी माणसाने बायकोमुलं सोबत ठेवली तर माणशी फी भरायची, आणि तीही इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण करताना वर्षाची एकदम, असा नियम आला होता. ज्यांच्या कंपन्या ती फी भरत होत्या ते राहिले. बाकीच्यांनी एक वर्ष कसंबसं काढलं, मग बायकोमुलांना गावी धाडलं आणि स्वतः कॅम्पमध्ये एका खोलीत चौघं असे राहायला गेले. खफजीत आमची मराठी घरं आधीच मोजकी. जाणारं प्रत्येक घर आईला काहीतरी देऊन जायचं. कुणी पुरणयंत्र, कुणी कढीपत्त्याची कुंडी, कुणी गणपतीचं मखर. आमच्या गॅलरीत पाच कुंड्या कढीपत्ता झाला होता. आई त्यांना पाणी घालताना म्हणायची, "आता आपण गेलो तर ही कुणाला द्यायची?" ते ती गमतीत म्हणायची, पण मी न ऐकल्यासारखं करून आत निघून जायचे. मी बारावी झाले होते. मला कुठेही जायचं नव्हतं. घरी बसून बाहेरून पदवीची परीक्षा द्यायची आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, असा माझा बेत होता आणि त्याचा फॉर्मही मी भरून ठेवला होता.

आणि अशात यार्ड दुसऱ्या कंपनीकडे गेलं. जुन्या लोकांना नवी कंपनी ठेवून घेणार होती, पण प्रत्येकाने मॅनेजरसमोर बसून आपल्या पगाराचं आपण बोलायचं, असं ठरलं. मॅनेजर जॉर्डनचे होते, सगळे त्यांना अबू समीर म्हणत. बोलणं इंग्रजीत. नव्या करारात आमच्या तिघांची फी कंपनीने घेतली तर आम्ही राहणार होतो. नाही घेतली तर आई, ओंकार आणि मी चिपळूणला, आणि बाबा कॅम्पात. बाबांनी हे आम्हाला भाकरी मोडता मोडता सांगितलं. आईने विचारलं, "मग तुम्ही काय मागणार?" बाबा म्हणाले, "मागायचं काय त्यात? पंधरा वर्षं काम बघतायत. त्यांना योग्य वाटेल ते देतील."

"व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क?" ओंकार म्हणाला. तो बारा वर्षांचा होता आणि आमच्याशी मराठी बोलायला त्याला लाज वाटायची. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने ताटात पाय ठेवला होता.

त्याच आठवड्यात गुओंनी आमचं दार वाजवलं. गुओ म्हणजे बाबांच्या क्रेनमधला माणूस, चिनी, पन्नाशीचा, रुंद चेहऱ्याचा. तीन वर्षं ते दोघं रोज दहा तास एकमेकांशी हातांनी बोलत होते आणि तोंडाने दोघांत मिळून पंधरा-वीस शब्द होते. गुओंसोबत दोन तरुण वेल्डर होते. दोघांचंही आडनाव वांग, म्हणून आम्ही त्यांना मोठा वांग आणि धाकटा वांग म्हणू लागलो. धाकट्याच्या हातात सूर्यफुलाच्या बियांची पिशवी होती, मोठ्याच्या हातात लाल तिखट तेलाची बाटली. गुओ बाबांना म्हणाले, "युवर डॉटर, गुड इंग्लिश. मनी इंग्लिश, शी टीच?" त्यांनाही अबू समीरसमोर बसायचं होतं. त्यांना हवामानाबद्दल बोलायचं नव्हतं, छंद सांगायचे नव्हते. फक्त पगाराचं इंग्रजी हवं होतं, चार आठवड्यांत.

आईने परवानगी दिली, मात्र ती स्वतः कोपऱ्यात कोथिंबीर निवडत बसणार या अटीवर. मग गुओंनी मला विचारलं, "वन अवर, हाऊ मच?" मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "शिकवण्याचे कसले पैसे घ्यायचे?" मी भाषांतर करून सांगितलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते." एवढा अडचणीचा भाव गुओंना आयुष्यात कुणी सांगितला नव्हता. शेवटी त्यांनी आपल्यापरीने हिशेब केला आणि दर शुक्रवारी एक अख्खा हमूर मासा आणायला लागले. तो आमच्या कढईत मावत नसे.

ओंकारचा पांढरा फळा भिंतीला टेकवून मी शिकवायला लागले. सॅलरी म्हणजे महिन्याचं ठरलेलं, वेज म्हणजे दिवसाचं नाहीतर तासाचं. बेसिक म्हणजे मूळ पगार, अलाउन्स म्हणजे त्यावरचे भत्ते, डिडक्शन म्हणजे कापून घेतात ते. ग्रॉस म्हणजे कागदावर दिसतं ते, नेट म्हणजे हातात पडतं ते. दोघं वांग वहीत प्रत्येक शब्दासमोर चिनी अक्षरांचं छोटंसं झाड काढायचे. गुओ लिहायचे नाहीत, डोळे मिटून पुटपुटायचे. इन्क्रिमेंट हा शब्द त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून मी त्यांना सरळ रेझ शिकवलं. एकदा त्यांनी विचारलं की वर्षातून तेरावा पगार मिळतो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात? त्यांच्याकडे नव्या वर्षाला कंपन्या तेरा महिन्यांचा पगार देतात म्हणे. मी थक्क झाले. आमच्याकडे तेरावा महिना फक्त दुष्काळात येतो, त्यांच्याकडे तो पगारात येत होता. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती कोथिंबिरीची जुडी हातात धरून खूप हसली, आणि का हसतेय हे चिन्यांना समजावताना माझा पाऊण तास गेला.

पुढे आयुष्यभर मी हेच काम केलं. परदेशी निघालेल्या नर्सेसना, फिटरांना, स्वयंपाक्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवलं. पण त्या तिघांइतके निर्लज्ज विद्यार्थी मला पुन्हा मिळाले नाहीत, आणि निर्लज्ज हा शब्द मी कौतुकाने वापरतेय. पहिल्याच दिवशी वाक्यं करायला सांगितली तर गुओंनी स्वतःचा पगार किती, त्यातला बायकोला किती, मुलाच्या लग्नाच्या फ्लॅटसाठी किती, सगळं सांगून टाकलं. मग दोघा वांगांनी आपापला सांगितला. मग तिघं माझ्याकडे वळले. "टीचर, युवर फादर, हाऊ मच?"

"आय डोन्ट नो," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं. आई इंग्रजी समजत नसल्यासारखी कोथिंबिरीत खोल शिरली. गुओंना वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी तो तीनदा, दरवेळी जरा मोठ्याने विचारला.

तर शब्द सगळे छान झाले. चूक झाली ती शेवटच्या आठवड्यात, मुलाखतीचा सराव करताना. अबू समीर विचारणार, तुमची अपेक्षा किती? याचं उत्तर काय द्यायचं? मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. मी फळ्यावर स्वच्छ अक्षरात वाक्य लिहिलं, त्याचा अर्थ, साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते. मी त्यांना हेही समजावलं की हे म्हणताना जरा खाली बघावं आणि हसावं, म्हणजे समोरच्यावर छाप पडते. आपली किंमत आपण सांगू नये, समोरचा शहाणा असेल तर जास्तच देतो. हे सगळं मी अठराव्या वर्षी तीन कमावत्या माणसांना आत्मविश्वासाने सांगितलं. गुओंनी भुवया वर केल्या, पण टीचर म्हणजे टीचर. दोघा वांगांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याभोवती लाल चौकोन काढला.

धाकट्या वांगचा नंबर पहिला लागला, रविवारी. संध्याकाळी तो एकटाच आमच्याकडे आला आणि त्याने ऑफरचा कागद माझ्यासमोर ठेवला. शब्द सगळे त्याला वाचता येत होते, तेच तर मी शिकवले होते. बेसिक जुनंच. ओव्हरटाइमच्या रकान्यात आडवी रेघ. वेल्डरची निम्मी कमाई ओव्हरटाइमवर असते. "आय से लाइक टीचर से," तो म्हणाला. "आय लुक डाऊन. आय स्माइल. ही व्हेरी हॅपी." अबू समीर खूश झाले होते, त्याच्याशी हस्तांदोलन केलं होतं आणि त्यांना योग्य वाटलं ते लिहून दिलं होतं. सही करायला गुरुवारपर्यंतचा वेळ होता. वांग माझ्यावर रागावला नव्हता, तेच मला सहन होईना. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळाने गुओ आले. त्यांनी कागद वाचला, फळ्यावरचं वाक्य वाचलं आणि मला शांतपणे विचारलं, "धिस वन, हू टीच यू?" दारात बाबा उभे होते, नुकतेच यार्डातून आलेले, हातात हेल्मेट. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि गुओंनीही पाहिलं. बाबांना सगळं कळलं. त्यांची स्वतःची मुलाखत बुधवारी होती.

चिनी मंडळी गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "तुम्हीही हेच म्हणणार ना बुधवारी? आणि मग आम्ही चिपळूणला."

"बाय, मागणाऱ्याची पत राहत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्ही कधी ऐकली नव्हती. लग्नाआधी ते मुंबईत एका वर्कशॉपमध्ये होते. तिथे त्यांनी मालकाकडे पगारवाढ मागितली. मालकाने सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि म्हणाला, "मोहनला जास्त पाहिजेत, म्हणून उद्यापासून मोहन नको." सहा महिने ते घरी बसले, भावाच्या ताटातलं जेवले. तेव्हापासून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मला वाटलं आता आई विरघळणार. पण आईने हातातला झारा खाली ठेवला. "ते सगळं ऐकलं," ती म्हणाली. "वाईटच झालं तुमचं. पण अहो, तुमच्या लाजेसाठी मी दोन गावांत दोन चुली मांडू का? पोरांना बाप फोनवर दाखवू का? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, आणि तुमच्याकडे काय बोरं आहेत का? पंधरा वर्षांत एक पाइप पडू दिला नाहीत तुम्ही." इतकं लांब बोललेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा वर्गात येऊन बसले, मोठ्या वांगशेजारी, मांडीवर हात ठेवून.

सराव गुओंनी घेतला. ते अबू समीर झाले, बाबा बाबाच राहिले. गुओंची पद्धत सोपी होती. आपल्याला हवं ते आधी आपण सांगायचं, आणि मग तोंड बंद. समोरचा पंखा बघेल, कागद बघेल, फोन बघेल, पण आपण बोलायचं नाही. जो आधी बोलेल तो खाली येतो. "स्पीक. देन माउथ क्लोज," ते म्हणाले. बाबांनी घसा साफ केला. "थ्री फॅमिली मेंबर फी, कंपनी पे," ते म्हणाले. इतकं म्हणायला त्यांना चार वेळा पाणी प्यावं लागलं, पण म्हणाले. गुओ गप्प बसून त्यांच्याकडे पाहत राहिले. एक सेकंद, दोन सेकंद, तीन, आणि बाबा म्हणाले, "बट नो प्रॉब्लेम, सर."

"खलास," गुओ म्हणाले. "यू फिनिश."

दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. शांतता झाली की बाबांच्या तोंडून ते निघायचंच. ओंकार पोट धरून हसत होता, शेवटी बाबाही हसायला लागले. माझ्या लक्षात आलं की हाच माणूस यार्डात आपल्या लोकांसाठी भांडायचा. हातमोजे, थंड पाणी, दुपारची सावली, सगळं त्यांनी साहेबांकडून ओरडून मिळवलं होतं. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला स्वतःसाठी जमत नसेल तर दुसऱ्यासाठी मागा. आधी वांगचं मागा. तिथं चूक माझी आहे, तुमच्या मुलीची." बाबांनी मान डोलावली. ते त्यांना पटल्यासारखं दिसलं.

बुधवारी आईने सकाळपासून देव्हाऱ्यासमोरचा दिवा विझू दिला नाही आणि दुपारी जुबैदीची आमटी केली, बुधवार असूनही. बाबा अडीचला आले. हात धुतले, बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वांगचा ओव्हरटाइम दिला." त्यांनी अबू समीरना सरळ सांगितलं होतं की पोरगा ते वाक्य माझ्या मुलीकडून शिकला, त्यात त्याचा दोष नाही. अबू समीर मोठ्याने हसले होते आणि पेनाने तिथल्या तिथे रेघ खोडून दर लिहिला होता.

"आणि आपलं?" आईने विचारलं.

"दोघांची फी भरतील."

एसी घरघरत होता. बाबा पानाकडे बघत म्हणाले, "तीनच सांगितले होते मी. सांगून गप्प बसलो. बराच वेळ बसलो. मग ते म्हणाले, मोहन, वांगचं आत्ताच केलं तुझ्यासाठी, तुझी दोन माणसं करतो. आणि माझ्या तोंडून निघालं," ते थांबले, "नो प्रॉब्लेम, सर."

ओंकार लहान, त्याला आई हवी. आई हवी तर दोन झाली. तिसरी मी होते. तिसरीची फी स्वतः भरण्याइतकं घरात नव्हतं, हे आईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिघंही माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मी आमटीचा भुरका घेतला आणि हसत म्हणाले, "त्यात काय एवढं? मी तशीही पुण्याला जाणारच होते कॉलेजला. बरंच झालं." हे मी इतकं सहज म्हणाले की ओंकारला ते खरं वाटलं. आईने माझ्या पानात आणखी भात वाढला. आणि तो भात बघताना मला कळलं की मी आत्ता नेमकं काय केलं होतं. मी खाली बघितलं होतं आणि हसले होते.

मी घास खाली ठेवला. "खोटं बोलले मी," मी म्हणाले. "मला पुण्याला नाही जायचं. मला इथं राहायचंय, तुमच्याजवळ." आणि मी तोंड बंद केलं. यापुढे एक शब्द बोलले असते तर मी ते वाक्य परत घेतलं असतं, म्हणून मी दात घट्ट आवळून बसले. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग उठले, हात धुतला आणि गाडीची किल्ली घेतली.

"अहो, निदान भात तरी," आई म्हणाली.

"ऑफिस पाचला बंद होतं," बाबा म्हणाले आणि गेले.

ते परत आले तेव्हा मधल्या मशिदीची सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती. ऑफिस बंद होईपर्यंत त्यांना बाहेर बसवून ठेवलं होतं. मी दार उघडलं. त्यांनी चपला काढल्या, सरळ रांगेत लावल्या आणि म्हणाले, "नाही म्हणाले ते. दोनच होतील म्हणाले."

मी मान हलवली. मला ते दिसतच होतं.

"पण मी बसलो नाही या वेळी," ते म्हणाले. "उभ्याने सांगितलं. म्हटलं, माय डॉटर वॉन्ट टु स्टे. दोनदा सांगितलं. मग ते म्हणाले, मोहन, सकाळी तर नो प्रॉब्लेम म्हणालास. मी म्हटलं, नाही सर. आय हॅव प्रॉब्लेम."

हे ऐकून मला मेलं इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले आणि रडले. मी हरले होते, हे मला कळत होतं. पुढच्या महिन्यात मला दम्मामहून विमानात बसावंच लागलं, आणि आई, ओंकार मागे राहिले. पण माझ्यासाठी ज्याने इतक्या वर्षांत न उघडलेलं तोंड एका दिवसात दोनदा उघडलं, त्या माणसाची मी मुलगी होते, आणि हे मला आता कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. आईने आमटी गरम करायला घेतली. बाबा म्हणाले राहू दे, आणि दुपारचा तो थंड भात कालवून जेवायला बसले. मी हातातलं काम सोडून त्यांच्या शेजारी बसून राहिले, कारण आता तसं बसायचे मोजकेच दिवस उरले होते.